आबांचा हुक्का आणि डॉक्टरकाकांचे डबे

आपल्या भालकी-हुमनाबाद-आळंदच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत देव्हारा, धान्याची पेवं आणि हुक्का या तीन गोष्टी हमखास असायच्या. देव्हाऱ्याबद्दल आणि पेवांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. हुक्क्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. घरातल्या कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागलेली असते, म्हणून असेल. आमच्याही घरात मोजावी लागली. तरी लिहितो, कारण ती पिढी गेली आणि त्यांचं एक ज्ञानही त्यांच्याबरोबर गेलं.

आमचे आबा भालकी तालुक्यातले. जन्म निजामाच्या राज्यातला, शिक्षण उर्दूत. आबांना तंबाखूची पारख होती. आसपासच्या चार-पाच गावांत कुणाकडे लग्न निघालं, की बैठकीसाठी आणलेला गुडाखू आधी आबांकडे यायचा. त्यांनी ‘चालतंय’ म्हटलं तर चाललं. नाही तर माणूस परत बिदरला, चौबाऱ्याकडच्या दुकानात.

नव्या पिढीसाठी सांगतो, गुडाखू म्हणजे हुक्क्याचा तंबाखू. पानं कुटायची, त्यात काळा गूळ किंवा काकवी घालायची आणि चांगलं मळायचं. त्यात पिकून मऊ झालेलं केळ, बोरं, अननस, वरून वेलदोडा, चंदन, ज्याची जशी ऐपत. मग मडक्यात भरून तोंड बंद करायचं आणि मडकं जमिनीत पुरून ठेवायचं. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. गूळ आणि फळं आंबतात, आणि मडकं उघडलं की जो वास येतो तो अर्धा फळाचा, अर्धा दारूचा. यालाच खमिरा म्हणत. शहरातले शौकीन त्यात गुलाब-केवडा घालायचे. आबांना ते पसंत नव्हतं. ‘अत्तर लावून म्हातारी तरणी होत नाही,’ असं म्हणायचे.

त्यांची पारखायची पद्धत ठरलेली होती. आधी चिमूट बोटांत घ्यायची. चिकटली पाहिजे, पण बोट ओलं व्हायला नको. मग कच्चा वास. मग चिलमीत भरून वर निखारा ठेवायचा आणि पहिले दोन झुरके सोडून द्यायचे, तिसऱ्यावर मत बनवायचं. आणि शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. बैठकीची खोली रात्रभर बंद ठेवायची आणि पहाटे दार उघडून वास घ्यायचा. रात्री गोड लागलेला पुष्कळ तंबाखू सकाळी नापास व्हायचा.

गंमत म्हणजे आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. शिंदीसुद्धा नाही. पण खमिऱ्यात आंबणं किती झालं, कुठं थांबायला पाहिजे होतं, हे ते वासावरून अचूक सांगायचे. डॉक्टरकाका त्यांना एकदा म्हणाले, ‘आबा, तुम्ही दारू चाखली नाही, मग ओळखता कशी?’ आबा म्हणाले, ‘गावात राहायलो ना मी. सगळं गाव माझ्यासमोरून घरी जातंय.’

त्यांच्या हुक्क्याचा पेंदा बिदरी कामाचा होता. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेला, वर चांदीच्या तारेची वेलबुट्टी, आणि बाकी सगळा काळाभोर. तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या मातीनं येतो. माती नवसागराच्या पाण्यात उकळतात आणि भांडं त्यात फिरवतात. जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते. कोणती माती चालेल हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. आबांना याचं फार कौतुक. ‘आमची जीभ अन त्यांची जीभ एकाच शाळेतली,’ म्हणायचे. आज बिदरीच्या फुलदाण्या आणि पेनस्टँड विकत मिळतात, पण जगातल्या संग्रहालयांत जाऊन बघा, जुनं बिदरी काम म्हटलं की आधी हुक्क्याचे पेंदेच दिसतील.

तसं बघितलं तर तंबाखूचं आपल्या दख्खनशी नातं जुनं आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. परत जाताना, १६०४-०५ च्या सुमारास, त्यानं इथूनच तंबाखू आणि जडावाची नळी नेली आणि बादशहापुढे ठेवली. अकबरानं थोडे झुरके घेतले, तेवढ्यात हकीम आडवे आले. पुढं १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. म्हणजे वैद्य नको म्हणतो आणि माणूस ओढतो, हे भांडण चारशे वर्षांचं आहे. आमच्या घरात ते बापलेकात झालं.

आता डॉक्टरकाकांचं. काका माझ्या वडिलांहून अकरा वर्षांनी धाकटे. गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेजात शिकले. कॉलेज १९६३ चं, काका तिथल्या सुरुवातीच्या मुलांपैकी. घरातला पहिला डॉक्टर! आबांनी रस्त्याकडची खोली रिकामी करून घेतली, चुना मारला, बाहेर ओटा बांधला. तिथं काकांचा दवाखाना होणार होता. काका पुढच्या शिक्षणाला म्हणून १९७१ मध्ये इंग्लंडला गेले, नाक-कान-घशाचे सर्जन झाले आणि तिकडंच राहिले.

आबा भांडले नाहीत. पत्राला उत्तर देणं बंद केलं, एवढंच. त्या खोलीत हळूहळू गुडाखूची मडकी आली.

काका पहिल्यांदा सुट्टीला आले ते १९७५ मध्ये. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. आबांसाठी काय आणावं हे त्यांना कळलं नसावं, म्हणून पाइपच्या तंबाखूचे डबे आणले. काका तिकडं पाइप ओढायला लागले होते. दोन दिवस बापलेकात ‘जेवलास का’, ‘हो’ याच्या पुढं बोलणं गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आबांनी एक डबा उचलला, उघडला आणि नाकाशी नेला. मग म्हणाले, ‘ह्याच्यात दारू हाय.’

होतीच. रममध्ये मुरवलेला, दाबून वड्या पाडलेला तंबाखू होता तो. काका खुलले. सांगायला लागले की तिकडं पानांना आधी साखर, मळी, ज्येष्ठमध अशा पाण्यात भिजवतात, ते आतपर्यंत मुरतं. आणि काही तंबाखूवर अगदी शेवटी रम, व्हिस्की, ब्रँडी शिंपडतात, ते वरवरचं. जुन्या काळी जहाजावरचे खलाशी पानांवर रम टाकून ती कापडात गच्च आवळून ठेवायचे, असं सांगतात. आबा लक्ष देऊन ऐकत होते. मुलाचं बोलणं त्यांनी इतका वेळ ऐकलेलं मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

मग आबांनी ती वडी कुस्करून आपल्या चिलमीत भरली आणि वर निखारा ठेवला. भस्सकन जळून गेली, खोलीभर करपट वास. काका हसून म्हणाले, ‘आबा, तुमच्या चिलमीत तंबाखू निखाऱ्यानं नुसता तापतो, शिजतो. हा जळण्यासाठीच केलेला आहे. ह्याला पाइपच लागतो.’ त्यांनी आपला जास्तीचा पाइप काढून दिला, भरायला शिकवलं. खाली सैल, वर जरा दाबून. एकदा पेटवायचा, विझू द्यायचा, परत पेटवायचा. सावकाश ओढायचा, नाही तर जीभ चावल्यासारखी होते.

निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीप्रमाणे. आबांनी दार उघडून वास घेतला आणि म्हणाले, ‘नापास. दारू वरून ओतलेली हाय. डब्यात हाय, पहिल्या दोन झुरक्यांत हाय, मग पळून गेली. आपली दारू आतून येती.’

नंतर मी पाइप ओढणाऱ्यांशी बोललो, वाचलंही. अनुभवी लोक नेमकं हेच सांगतात. डब्यातला वास वेगळा, तोंडातली चव वेगळी आणि खोलीत राहणारा वास आणखी वेगळा. रम-व्हिस्कीचा भपका पेटवल्यावर लवकर उडून जातो. राहतो तो मूळ पानाचा आणि मुरलेल्या साखरेचा गुण. आबांनी हे एका रात्रीत ओळखलं होतं.

तेव्हापासून काका दर दोन-तीन वर्षांनी यायचे आणि प्रत्येक वेळी नवे डबे आणायचे. आबांची वाट बघायची पद्धत अशी की काही बोलायचे नाहीत, फक्त बिदर स्टेशनला बैलगाडी नको, जीप पाठवा म्हणायचे. बेलफास्टचा एरिनमोर आला. त्याला अननसासारखा वास. आबा म्हणाले, ‘ह्यांनी आपल्या मडक्यात डोकावलंय काय की!’ पास. बोर्कुम रिफ नावाचा, अमेरिकन व्हिस्कीच्या वासाचा आला. आबांनी नुसता हुंगून खाली ठेवला. ‘ह्याचा बाप कोण कळंना गेलंय.’ डनहिलचा अर्ली मॉर्निंग पाइप आला. त्यात लताकिया नावाचं सिरिया-सायप्रसकडचं पान असतं, धुरीवर वाळवलेलं. दारूचा पत्ता नाही, साखर नाही. चुलीमागच्या भिंतीचा, चामड्याचा वास. आम्ही पोरं नाक धरून पळालो. आबांनी तो तीन दिवस ओढला आणि चौथ्या दिवशी म्हणाले, ‘हा खरं बोलायलाय.’

दवाखान्याचा विषय कधीच निघाला नाही. त्या दोघांचं जे काही बोलणं होतं ते तंबाखूबद्दल. आई म्हणायची, ‘काही का असेना, बोलतात तरी.’

१९८४ च्या पावसाळ्यात आबांचा आवाज बसला. सगळ्यांना वाटलं सर्दी आहे. आबा म्हणायचे, हुक्क्यानं काही होत नसतं, धूर पाण्यात धुतला जातो. तेव्हा सगळे असंच मानायचे. पाण्यानं धूर गार होतो, त्यातलं विष जात नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. काका सुट्टीवर आले, बॅटरी लावून आबांचा घसा बघितला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसून राहिले. ज्या खोलीत त्यांचा दवाखाना व्हायचा होता, तिच्याच ओट्यावर.

हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. गळ्याला भोक पडलं आणि श्वास तिथूनच सुरू झाला. आवाज जाणार हे आम्हाला माहीत होतं. दुसरी गोष्ट आम्हाला कुणाला सुचली नव्हती. श्वास नाकातून जाईना, म्हणून वासही येईना. नाक शाबूत, पण त्यातून वाराच नाही. घरी आल्यावर आईनं फोडणी दिली, आबांचं तिकडं लक्षच नाही. पाऊस पडून गेला, मातीचा वास सुटला, आबा नुसते बघत बसले. ज्यांच्या नाकावर चार गावं विश्वास ठेवायची त्यांचं असं झालेलं बघवत नव्हतं.

काकांनी रजा वाढवली. त्यांनी आबांना एक युक्ती शिकवली. ओठ मिटून घ्यायचे आणि चारचौघांत जांभई दाबतो तसा जबडा खाली न्यायचा. तोंडात पोकळी होते आणि थोडी हवा नाकातून आत ओढली जाते. आबा रोज सकाळी बसून ते करायचे. आधी लिंबाची साल, मग कापूर, मग कॉफी. पंधरा-वीस दिवसांनी लिंबाला त्यांनी मान हलवली. आई देवापुढं जाऊन बसली.

आबा पाटीवर लिहून बोलायचे, पण लिहायचे उर्दूत. हात त्याच लिपीला सरावलेला. काका शाळेत गेले ते पोलिस अॅक्शननंतर, त्यांना उर्दू येत नव्हतं. माझ्या वडिलांची चौदाव्या वर्षापर्यंतची शाळा उर्दूतली. त्यामुळे आबांनी लिहायचं, दादांनी वाचायचं आणि काकांनी ऐकायचं, असं चालायचं.

काका निघायच्या आदल्या दिवशी आबांनी पाटीवर लिहिलं, ‘डबा नाही आणला?’ दादांनी वाचून दाखवलं. काका काही बोलेनात. आणला होता, पण पेटीतून काढला नव्हता. स्वतःचे पाइप तर त्यांनी त्या दिवशी घसा बघितल्यावरच परसात फेकून दिले होते. शेवटी डबा आणून उघडून आबांच्या हातात दिला. कोणता होता ते आता आठवत नाही, गोडसर दारूच्या वासाचा होता एवढं नक्की. आबांनी ओठ मिटले, जबडा खाली नेला. एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा. मग डबा बंद केला आणि पाटी घेतली. दादांनी वाचलं, ‘बरा आहे. तू ओढू नको.’

काकांनी ती पाटी हातात घेतली आणि न येणाऱ्या अक्षरांकडं बघत उभे राहिले. मग दादांना म्हणाले, ‘परत एकदा वाच.’

आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. काकांनी परत पाइपला हात लावला नाही. निवृत्त झाल्यावर ते दर हिवाळ्यात दोन महिने गावी यायचे आणि त्या खोलीत सकाळी घसा-कान तपासायचे, पैसे न घेता. तंबाखू खाणाऱ्यांना समोर बसवून तोंड उघडायला लावायचे आणि गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो का ते बघायचे. मडकी केव्हाच गेली होती, पण भिंतीला उन्हाळ्यात अजून गुळाचा आंबूस वास येतो.

आता शहरांत रम-व्हिस्कीच्या, आंब्या-संत्र्याच्या वासाचे हुक्के निघाले होते. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्क्यावर बंदी घातली, ती मला पटली. पण मनात आलं, आबांनी त्यातला एकही पास केला नसता.

बिदरी पेंदा माझ्याकडे आहे. चांदी पुसट झालीय. त्यात आता पाणीही भरत नाही, नुसता ठेवलाय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गुडाखूची मडकी पुरलेली आठवत असतील, कुणाच्या आजोबांची पारखायची वेगळी पद्धत असेल, तर जरूर लिहा. आणि घरात कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका, घशाच्या डॉक्टरला दाखवा. काका असते तर त्यांनी हे आधी लिहायला लावलं असतं.