कुणाची तार कुणाला

माझे बाबा तांडेल होते. हर्णैहून डोल जाळी घेऊन निघालं की समुद्रातली जागा ठरायची ती किनाऱ्यावरच्या खुणांनी. सुवर्णदुर्गाचा बुरूज मागच्या डोंगराच्या खांद्यावर आला, दीपगृह ठरलेल्या झाडीला लागलं आणि शिशाच्या दोरीने ठरलेले वाव पाणी दाखवलं, की खाली आपला जाळं बांधायचा खुंट. ही माहिती एका होडीची नव्हती. बाबांनी ती काकांना सांगितली, काकांनी जावयाला. तोंडाने सांगता येत होती, म्हणून ती वाडीभर टिकली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस होडीवर जीपीएस आला. चार ओळींचा करडा पडदा, आणि केबिनच्या टपावर अळंब्यासारखी पांढरी अँटेना. तेव्हा अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभरेक मीटर सरकलेली असायची. आपल्याकडच्या घड्याळाने 2 मे 2000 च्या सकाळी ती चूक काढून घेतली गेली. त्या मे महिन्यात यंत्र पहिल्यांदा थेट खुंटावर नेऊ लागलं. बाबा एकेक ‘पॉइंट’ त्यात भरत गेले. पुढे एका पावसाळ्यात खाऱ्या दमटपणाने तो डबा मेला आणि त्याच्या पोटातले सगळे पॉइंट त्याच्याबरोबर गेले. नवीन सेट दुसऱ्या कंपनीचा घेतला. जुनी अँटेना धडधाकट होती, पण तिचा प्लग नव्या सेटला बसेना. दुकानदार म्हणाला, ‘याची त्याला चालत नाही.’ ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यामागे ते वाक्य आहे.

चालत का नाही, हे शिकायला मला बराच काळ लागला. टपावरच्या अँटेना दिसायला सारख्या, पण त्यांच्यात दोन जाती आहेत. एक नुसती कान आहे. ती 1575.42 मेगाहर्ट्झवरचा क्षीण संकेत पकडते, थोडा मोठा करते आणि जाड कोअॅक्स केबलने खाली पाठवते. हिशेब करणारा रिसीव्हर सेटच्या आत असतो. अशा अँटेनाला सेटकडून त्याच केबलमधून वीज मिळते, कुठे 3.3 व्होल्ट, कुठे 5. म्हणून कनेक्टर जुळला तरी व्होल्टेज पाहिल्याशिवाय ती दुसऱ्या कंपनीच्या सेटला लावू नये. दुसऱ्या जातीच्या अँटेनात रिसीव्हर टोपीखालीच असतो. ती खाली तयार वाक्यं पाठवते. हिच्याशी कुणाचीही गाठ घालता येते.

ही वाक्यं पहिल्यांदा लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिली तेव्हा मी हरखून गेलो होतो. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी, स्वल्पविरामांनी तोडलेली, साध्या अक्षरांत लिहिलेली ओळ: वेळ, अक्षांश, रेखांश, नॉटमधला वेग, दिशा, तारीख. शेवटी तारकाचिन्ह आणि दोन अक्षरांची पडताळणी. वाटेत एखादं अक्षर बिघडलं तर ऐकणारं यंत्र ती ओळ टाकून देतं. कुठलंही वाक्य 82 अक्षरांपुढे जात नाही आणि वेग सेकंदाला 4800 बिट. आजच्या मानाने हे रांगणं आहे, पण होडीला तेवढं पुरतं. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने हा करार 1983 मध्ये केला, त्याचं नाव एनएमईए 0183. एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणाऱ्या कंपन्यांनी या एका ओळीवर एकमत केलं. दर्यावर जाणाऱ्या माणसासाठी बाजाराने केलेल्या चांगल्या कामांत मी याला फार वर ठेवतो. त्यात पॉइंट पाठवायचंही वाक्य आहे. बाबांचे पॉइंट वाचवता आले असते.

करारात तारांचा रंग मात्र ठरला नव्हता. एकाची पाठवायची तार पिवळी, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची पांढरी. होड्यांवरची यंत्रं जोडायच्या माझ्या धंद्यातलं निम्मं काम एवढंच असतं: बोलणाऱ्याची ‘आउट’ ऐकणाऱ्याच्या ‘इन’ला, आणि दोघांची ग्राउंड एकत्र. बोलणारा एक, ऐकणारे अनेक चालतात. दोन बोलणारे एकाच तारेवर आणले की कुणाचंच ऐकू येत नाही. मल्टिमीटर लावला की बोलणाऱ्या तारेवरचा आकडा थरथरतो, गप्प तारेवर तो स्थिर राहतो. आंजर्ल्याच्या खाडीत, जूनजुलैच्या मासेमारीबंदीत होड्या शाकारलेल्या असतात तेव्हा, प्लास्टिकखाली बसून मी हेच करत असतो. तांब्यावर चढलेली हिरवी पूड खरवडायची, कल्हई केलेली तार घालायची, आणि कुणाची तार कुणाला गेली ते कागदावर लिहून तो कागद फळीच्या आत चिकटवायचा.

नंतर एनएमईए 2000 आलं. होडीभर एकच कणा, सेकंदाला अडीच लाख बिट, दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक. वीज बंद करून मोजलं आणि 60 ओहम आले की कणा ठीक. मुंबईच्या यॉटवर हे काम करताना समाधान वाटतं. पण याच काळात काही कंपन्यांनी तोच कणा स्वतःच्या वेगळ्या आकाराच्या प्लगात घातला. आतली भाषा एक आणि तोंड निराळं, म्हणजे गिऱ्हाइकाने जोडतार विकत घ्यावी. मला याचा राग येतो. कर्ज काढून होडी बांधणाऱ्याकडून घेतलेले ते पैसे कुठल्याच कामाचे नसतात.

नवी अडचण निराळी आहे. जुन्या अँटेनाचं वाक्य ‘जीपी’ने सुरू व्हायचं, म्हणजे माहिती जीपीएसची. आताच्या अँटेना रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रह एकत्र ऐकतात आणि वाक्य ‘जीएन’ने सुरू करतात. जागा जास्त नेमकी, पण जुना सेट ‘जीपी’ची वाट पाहत कोरा बसतो. तांडेल म्हणतो, नवीन अँटेना खराब निघाली. बऱ्याच अँटेनांत सेटिंग बदलून पुन्हा ‘जीपी’ बोलायला लावता येतं, आणि दहा वर्षांचा सेट भंगारात जायचा वाचतो.

हे सगळं मी पैसे घेऊन करतो. एक जोडणी मात्र सांगितली नसली तरी करतो. नव्या वायरलेस सेटवर झाकणाखाली लाल बटण असतं. होडी संकटात असताना ते दाबून धरलं की चॅनल 70 वर होडीचा क्रमांक आणि जागा आपोआप जाते. जागा जाते ती जीपीएस जोडलेला असेल तरच. कित्येक होड्यांवर वायरलेस एका कंपनीचा, जीपीएस दुसऱ्या कंपनीचा, दोघांमध्ये एक हात अंतर, आणि मागच्या दोन तारा कारखान्यातून आल्या तशाच गुंडाळलेल्या. तांडेलाला वाटतं बटण आहे म्हणजे झालं. होडी कलंडत असताना अक्षांश-रेखांश वाचून सांगायला कुणाला वेळ असतो? मी टेप सोडतो, तारा जोडतो, वायरलेसच्या पडद्यावर जागेचे आकडे उमटेपर्यंत थांबतो, आणि मग तांडेलाला आत बोलावून दोन्ही पडद्यांवरचे आकडे त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो.