थैली आणि किटली

चहा ही वस्तू आपण करीत नाही, ‘टाकतो’. पातेल्यात पाणी, साखर, पूड, दूध, जमल्यास आल्याचा तुकडा. किती जणांचा टाकायचा, एवढाच काय तो प्रश्न. आंबागडला आमच्या घरी आई हा प्रश्नही विचारीत नसे. माणसे दोन असली तरी आधण चौघांचे. उरलेल्या दोन कपांचे धनी गल्लीतून जाताना आपोआप सापडत.

चार वर्षांपूर्वी आई गेली. बाबांना मी तुमसरला माझ्याकडे चला म्हणालो. त्यांनी आंबागड सोडले नाही. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा ओट्यावर टी-बॅगचा खोका दिसला. बाबांनी तो स्वतः तुमसरच्या बाजारातून आणला होता. पेल्यात गरम पाणी घ्यावे, धागा धरून थैली चार वेळा बुचकळावी, झाले. पातेले नको, गाळणी नको, चोथा नको. आणि दुसरे माणूसही नको, हे मात्र माझ्या हळूहळू लक्षात आले. समोरच्या गुरुजींची खुर्ची ओसरीवर होती, पण तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी चढली होती.

थैलीला दोष देण्यात अर्थ नाही. ती जन्मली तीच एकट्यासाठी. अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी १९०१ साली चहाच्या जाळीदार थैलीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९०३ साली ते त्यांना मिळाले. किटलीभर चहा केला की उरलेला शिळा होतो, वाया जातो. एका कपापुरतीच पाने वापरता आली तर बरे, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चोख आहे. माणूस एकटा असला की तो फारच चोख वाटतो.

या उन्हाळ्यात माझा पुतण्या दार्जिलिंगला जाऊन आला. येताना आजोबांसाठी सुट्या पानांचा एक पुडा घेऊन आला. बाबांनी चिमूटभर पाने तळहातावर घेतली, खिडकीशी नेली आणि बोटाने उलटीपालटी केली. तेंदूपत्त्याच्या फडावर मुनशी म्हणून त्यांचे कितीतरी उन्हाळे गेलेले. पान फाटके निघाले की विडीच्या कामाचे नाही, हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळते.

“पान शाबूत आहे रे!” ते म्हणाले. मग थैली फाडून तिच्यातली भुकटी शेजारी ओतली. “आणि हे काय?”

मी प्राध्यापकी सुरू केली. आसामातल्या आमगुरीच्या मळ्यात १९३० साली पान चिरडून, फाडून, वळवणारे यंत्र आले. आपल्या रोजच्या दाणेदार चहाचे मूळ त्यात आहे. कण जितका बारीक तितका रंग लवकर उतरतो, म्हणून थैलीत बहुधा बारीक चुराच भरतात. अख्ख्या पानाला मात्र वेळ द्यावा लागतो.

“असला चुरा फडावर आला असता तर मी पुडके परत केले असते,” बाबांनी निकाल दिला.

आईच्या ट्रंकेतली चिनी मातीची किटली निघाली. ती गरम पाण्याने विसळली, कपामागे एक चमचा पाने घातली, वर उकळते पाणी ओतले आणि झाकण लावले. ही पाने उकळायची नसतात. दूधही लागत नाही. चार मिनिटे नुसते बसायचे. माझ्या मुलीला धीर धरवेना. तिने झाकण उचलून पाहिले.

“तुझी आजी भाताचे झाकण अशीच मधेच उचलून बघायची,” बाबा म्हणाले.

आई गेल्यापासून त्यांनी तिचे नाव काढलेले मी ऐकले नव्हते. कोणी काही बोलले नाही. किटलीत पाने उलगडत होती.

किटली चार कपांची, आम्ही तिघे. बाबा ओसरीवर गेले आणि त्यांनी गुरुजींना हाक मारली. गुरुजींनी तो बिनदुधाचा, मधाच्या रंगाचा चहा संशयाने न्याहाळला. “हे गडावरच्या विहिरीचे पाणी तर नव्हे?” त्यांनी विचारले. आमचा किल्ला बख्त बुलंदाच्या काळात, १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने बांधला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि कैद्यांना तिथल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पाजीत, असे सांगतात. तरीही गुरुजींनी कप संपवला. त्याच पानांवर दुसरे पाणी घातले, तेव्हा तेही संपवले.

बाबांचा सकाळचा चहा आजही दुधाचाच आहे. थैल्यांचा खोकाही फळीवर आहे. पाहुणा अवेळी आला तर असावा म्हणतात. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “ती पाने संपली. अजून मिळतील का? गुरुजी विचारत होते.”

गुरुजी विचारत होते, यावर माझा फारसा विश्वास नाही. पण दिवाळीला जाताना दोन पुडे नेणार आहे.