कोपरा पिशवीलाच राहू द्या

सातवीला कचऱ्याचा पाठ मी बरीच वर्षं एकाच पद्धतीने शिकवत आले. फळ्यावर दोन डबे काढायचे, एक ओल्याचा, एक सुक्याचा. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवायची. मधल्या सुट्टीनंतर मात्र मैदानाच्या कुंपणाशी वेफर्सची पाकिटं साचलेली असायची. हे मला मनापासून खुपत होतं.

पुण्यात आमच्या शाळेच्या गल्लीत रोज सकाळी ढकलगाडी घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या जुन्या सभासद. कचरावेचकांची ही संघटना 1993 साली उभी राहिली. त्याआधी मावशी लहान वयात आईबरोबर उकिरड्यावर वेचायला जायच्या. एकदा फाटकाशीच त्यांना विचारलं, "मावशी, एक तास आमच्या पोरांना शिकवाल का?" त्या म्हणाल्या, "मी काय शिकवणार बाई? मला सहीपुरतंच लिहिता येतं." पण आल्या. धुतलेलं लुगडं नेसून, वेळेच्या आधी.

व्हरांड्यात जुनी चादर अंथरली आणि शाळेचा त्या दिवसाचा कचरा तिच्यावर ओतला. मुलांनी नाकं दाबली. मावशी मांडी घालून बसल्या आणि वेचू लागल्या. पुठ्ठा इकडे, वहीचे कागद तिकडे, बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं. हात इतके भराभर चालत होते, की मुलं नाकावरचा हात काढून पुढे सरकली.

एक मुलगा म्हणाला, "सगळ्या प्लास्टिकचं परत प्लास्टिक होतं ना?"

मावशींनी एका हातात दुधाची पिशवी घेतली, दुसऱ्या हातात वेफर्सचं पाकीट. "ही ओढ. ताणते का? हिला भाव आहे. आता हे चुरगाळ. वाजतं ना? आतून चंदेरी आहे. हे भंगारवाला फुकटसुद्धा घेत नाही."

मग मी मुलांना त्याचं कारण सांगितलं. त्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. पाकीट हातात धरून हे सांगितलं तेव्हा कोणालाही ते पुन्हा समजावावं लागलं नाही.

तेवढ्यात मावशींनी चादरीवरून नखाएवढा एक निळा तुकडा उचलला. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. "हा माझ्या बोटांत येत नाही. वाऱ्याने उडतो, गटारात जातो. घरी आईला सांगा, पिशवी अर्धवट कापायची, कोपरा पिशवीलाच लटकू द्यायचा."

मग त्यांनी उजवा तळवा पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी काचेने कापल्याचा लांब व्रण होता. फुटकी काच कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून द्यायची, हे त्या दिवशी मुलांनी न सांगता वहीत लिहून घेतलं. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे तो पुडा आम्ही उघडत नाही, हेही मावशींनी सांगितलं. मुलगे-मुली एकत्र बसलेले असताना मला हे बोलायला कधी जमलं नव्हतं. वर्गात कोणी हसलं नाही.

त्यानंतर आम्ही 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन बंद केलं. हा निर्णय मला सोपा गेला नाही, पालकांना ते आवडायचं. पण त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्या आणि चकचकीत कागद दुकानातून नवे कोरे यायचे. थर्माकोलची ताटं-वाट्या राज्यात 2018 सालीच बंद झाली, तरी आमच्या प्रतिकृती थर्माकोलच्याच असायच्या आणि आठवड्याभरात त्या मावशींच्याच गाडीत जायच्या. मुलांना वस्तू सजवायला शिकवण्याआधी ती घ्यायची की नाही हे ठरवायला शिकवावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता पोषण आहारातली उरलेली खिचडी आणि पालापाचोळा मागच्या खड्ड्यात जातो. पाकिटं अजून दिसतात, पूर्वीपेक्षा कमी. पालकसभेत मात्र एका आजींनी तक्रार केली, "नात दुधाची पिशवी कापूच देत नाही, म्हणते मीच कापणार."

उद्या सकाळी तुमच्या घरीही दुधाची पिशवी कापली जाईल. कोपरा पूर्ण तोडू नका.