वेसाइड इनमधले टेबल

‘बोहेमियन’ हा शब्द वर्गात समजावून देताना आमची नेहमी थोडी फसगत होते. पॅरिस, पोटमाळा, उपाशी चित्रकार असे सांगत गेलो की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत चमक येते. त्या चमकेची जबाबदारी आपल्यावर आहे, हे आम्हांला उशिरा कळले. खोपोलीच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, “सर, नोकरी सोडल्याशिवाय खरी कविता होत नाही का?” आम्ही दोघेही गप्प राहिलो. कायम नोकरीचा पगार घेऊन उपाशी कवीचे गोडवे गाणारे आम्ही काय उत्तर देणार?

कर्जतहून लोकलने दोन तासांवर, नौदल गोदीच्या लायन गेटपासून हाकेच्या अंतरावर काळा घोडा आहे. सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली तेथून हलवला गेला, नाव तेवढे उरले. तेथील वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत. खिडकीबाहेरच्या पदपथावरची माणसे त्यांच्या इंग्रजी कवितांत आली. तो संग्रह 2004 साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी निघाला. आज ते उपाहारगृहही नाही.

या टेबलाची दंतकथा झाली आहे. पण त्या टेबलाचा खर्च कोण भागवत होते, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते. उमेदवारीच्या काळात कोलटकरांनी हलाखी पाहिली होती. पुढे त्यांनी जाहिरात क्षेत्रात आरेखनकार म्हणून नाव मिळवले. ‘जेजुरी’ 1976 साली आली, ती चार कवींनी मिळून काढलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे. 1977 साली पहिला मराठी संग्रह आला आणि त्यानंतरचे मराठी संग्रह थेट 2003 मध्ये. ही 26 वर्षांची सवड कवितेने मिळवून दिली नव्हती. ती हातातल्या कसबाने दिली. घरी दूरध्वनी न ठेवणाऱ्या या माणसाने संसाराशी नव्हे, गडबडीशी फारकत घेतली होती.

याच पिढीतले मनोहर ओक मात्र स्थिर घर-नोकरीच्या आधाराविना जगले. 1993 साली ते गेले. त्यांच्या ऐंशी कवितांचे पुस्तक मागे राहिलेल्या मित्रांना सिद्ध करावे लागले. दोघांपैकी अस्सल कोण, हा प्रश्नच आम्हांला आता अश्लाघ्य वाटतो. ओकांच्या वाट्याला आलेली किंमत ही कवितेची अट नव्हती.

आणि आमच्याच तालुक्यातील नेरळला उत्तरायुष्यात राहिलेले नारायण सुर्वे? शाळेत शिपाई, मग शिक्षक झालेल्या या कवीला दारिद्र्य निवडण्याची चैन कधी परवडलीच नव्हती.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे वेळ कसा वाचवायचा, हाच प्रश्न आहे.” ते त्याला आमच्याआधीच ठाऊक होते. तो पाळीवर निघून गेला. त्याने दिलेली कवितांची वही तीन महिने आमच्या कपाटात पडून आहे. आता पुढचे व्याख्यान तयार करण्याआधी ती वाचायला हवी.