दक्षिण गंगोत्री
(एस. वाय. बी. ए.)

पाथर्डीकडच्या माणसाला नदी म्हणजे पावसाळ्यातली पाहुणी. आली की चार दिवस गाजते आणि उन्हाळा लागला की तिच्या वाळूत झिरे खोदावे लागतात. अशा मुलखातल्या मुलीने बी. ए.ला भूगोल घ्यावा आणि हिमनदीच्या धड्यात गुंतून पडावे, याचे घरात नवलच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

हिमनदी म्हणजे वाहणारा बर्फ. वर्षानुवर्षे साचलेला बर्फ स्वतःच्याच भाराने दबतो आणि उताराकडे सरकू लागतो. इतका सावकाश की डोळ्यांना कळू नये. अंटार्क्टिकावर बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर जाड आहे. जगातल्या गोड्या पाण्याचा मोठा वाटा तिथे गोठून पडला आहे, आणि आम्ही इथे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतो!

डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. १९८३-८४ मध्ये तिथे आपले पहिले ठाणे उभे राहिले. त्याचे नाव 'दक्षिण गंगोत्री'. पुढे ते बर्फात गाडले जाऊ लागले व १९९० मध्ये बंद झाले. पण नाव टिकले. शिर्माखर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यावर उतरणाऱ्या एका हिमनदीलाही तेच नाव आहे. १९३९ साली विमानातून हा पट्टा पाहणाऱ्या जर्मन वैमानिकाचे नाव त्या पट्ट्याला मिळाले; आपले 'मैत्री' ठाणे तिथेच आहे. हिमनदीचे मुख मागे हटते आहे का, हे आपले भूवैज्ञानिक १९८३ पासून मोजत आले. ते हटत गेले. वर्षाला सरासरी मीटरभराहूनही कमी, पण हटत गेले.

हिमालयातल्या गंगोत्री हिमनदीच्या मुखातून भागीरथी निघते. तिचे नाव इतक्या दूर का न्यावे? मला ते परके वाटले नाही. नाथषष्ठीला पैठणला जाणारी माझी आजी 'गंगेवर जाऊन आले' असेच म्हणते. गोदावरी हे नाव तिच्या तोंडी कधी ऐकले नाही. आपला माणूस जिथे जातो तिथे गंगा बरोबर नेतो.

हे सारे आईला सांगितले. भाकरी थापता थापता तिने विचारले, "आधी काय नाव व्हतं गं तिचं?"

"काहीच नाही. तिथे माणसाची वस्तीच नव्हती."

"मग बरंय. कुणाचं पुसलं न्हाई."

मी गप्प झाले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने आईचे नवे नाव लिहिले गेले. जुने नाव आता फक्त मामाच्या तोंडी उरले आहे. रेशनकार्डावर नाही, सातबाऱ्यावर तर कुठलेच नाही.

ज्या बर्फावर कोणी राहत नव्हते त्याला नाव देणे सोपे. ज्याला नाव आहे त्याचे बदलताना मात्र विचारायला हवे, एवढे मला या धड्याने शिकवले. माझ्यासाठी स्थळे येऊ लागली आहेत. पदवी आधी, आणि तांदळात माझे आहे तेच नाव लिहायचे, असे मी आईला सांगितले. ती हसली, नाही म्हणाली नाही. दादांशी मात्र अजून बोलायचे आहे.