परतीचे ओझे

प्रवासाला निघालेल्या माणसाची ओळख त्याच्या सामानावरून पटते. पंढरीच्या वारकऱ्याच्या खांद्यावर एक पडशी असते. ऊसतोडणीसाठी निघालेल्या कुटुंबाच्या बैलगाडीत चूल, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि तान्ह्या मुलाची झोळी असा सगळा संसार असतो. वारकऱ्याला घर काही दिवस विसरायचे असते, ऊसतोड मजुराला ते सोबत नेल्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकेत मात्र तिसरीच तऱ्हा दिसते. तेथे पुष्कळ माणसे घर विसरण्यासाठी बाहेर पडतात आणि जाताना गाडीच्या मागे एक घरच जोडून नेतात. त्याला ट्रेलर म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावाहून मुलीकडे आलेल्या नानांना पहिल्या दिवशी या गोष्टीचे हसू आले होते.

नाना हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. पत्नीच्या निधनानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. रिकाम्या घरात वडिलांनी एकटे राहू नये, म्हणून मुलीने त्यांना मिनेसोटा राज्यात बोलावून घेतले होते. हे राज्य स्वतःला दहा हजार सरोवरांचा प्रदेश म्हणवते. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठ्या सरोवरांचीच संख्या तेथे 11,842 आहे. जूनच्या अखेरीस शाळांना सुट्टी होती. मुलगी, जावई आणि आठ वर्षांची नात यांनी इटास्का सरोवराकाठी चार दिवस मुक्काम करण्याचे ठरवले होते.

ट्रेलर जेमतेम वीस फूट लांबीचा होता. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, मोरी आणि संडास. खाली तीन टाक्या होत्या : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. गाडीच्या टपावर कॅनू नावाची लांबट, निमुळती होडी पालथी बांधलेली होती. हवा भरून फुगवायची आणखी एक लहान होडी घडी करून पलंगाखाली ठेवली होती. नानांनीही आपल्या परीने तयारी केली. लोखंडी कढई, तांदळाची पिशवी, डाळी, पिठे आणि पाण्याचे दोन मोठे कॅन त्यांनी ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात नीट रचून ठेवले. जावयांनी ते पाहिले आणि काही न बोलता सगळे बाहेर काढायला सुरुवात केली.

"काही चुकले का?" नानांनी विचारले.

"नाना, ओझे फार नाही, पण ते मागे झाले आहे," मुलगी म्हणाली.

मग जावयांनी समजावून सांगितले. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडणीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर यावा लागतो. मागची बाजू जड झाली, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. ते झुलणे वाढले, तर ट्रेलर पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर ओढून नेतो. नानांना एवढे पुरेसे होते. लहानपणी खाडी ओलांडून शाळेत जाताना तरीवरचा तांडेल माणसे कशी बसवीत असे, हे त्यांनी रोज पाहिले होते. भाताची पोती मध्ये, धडधाकट माणसे दोन्ही बाजूंना, आणि उगाच उठबस करणाऱ्या पोरांना दटावणी. बुडते ते ओझ्यापेक्षा ओझ्याच्या जागेमुळे, असे तो तांडेल म्हणत असे. हजारो मैल दूर, डांबरी रस्त्यावरच्या चाकांनाही तोच नियम लागू होता. नानांनी स्वतः कढई उचलून पुढे ठेवली.

सरोवर आले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, तरी ऊन होते. त्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नवाच्या पुढे मावळतो. चाकांना उटी लावणे, ट्रेलर समपातळीत आणणे, विजेची तार जोडणे यांत अर्धा तास गेला. शेकोटीसाठी लाकडे मात्र घरून आणलेली नव्हती. ती तेथेच विकत घ्यावी लागली. याचे कारण नानांना नातीने सांगितले. परक्या देशातून आलेला एक हिरवा भुंगा सरपणातून गावोगाव पसरतो आणि ॲश नावाची झाडे पोखरून मारतो. मिनेसोटात तो 2009 मध्ये प्रथम सापडला. म्हणून सरपण जिथले तिथेच जाळायचे. नानांनी मान डोलावली, पण मनात ते म्हणाले, अख्खे घर ओढत आणायला चालते आणि चार लाकडे चालत नाहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनू पाण्यात उतरवली. कोकणातल्या लहान होडीला बाजूला उलांडी असते, ती होडीला कलू देत नाही. कॅनूला तसला आधार नसतो. नाना सवयीने उभ्याने वल्हे घ्यायला गेले आणि होडी एवढी कलली की नात किंचाळली. मग ते खाली बसले, गुडघे टेकले, वल्हे हातात तोलले. पाचव्या-सहाव्या फटकाऱ्याला हातांना जुनी ओळख पटली. दूर कुठेतरी लून पक्ष्याने साद घातली. ती लांबलचक, एकाकी साद पाण्यावरून येत राहिली. नाना बराच वेळ वल्हे आडवे धरून बसून राहिले. नातीनेही त्यांना काही विचारले नाही.

ही होडी मूळची याच भूमीतली. येथील ओजिब्वे लोक भूर्जवृक्षाच्या सालीची कॅनू बांधत. ती इतकी हलकी असे, की एक सरोवर संपले की ती खांद्यावर घेऊन रानातून दुसऱ्या सरोवरापर्यंत चालत जाता येई. जी होडी माणसाला वाहून नेते, तिला काही अंतर माणसानेही वाहायचे, असा तो व्यवहार होता. उन्हाळा सरताना याच होड्यांतून ते उथळ पाण्यातले रानभात काढत आले आहेत. लोंब्या होडीवर वाकवून काठीने हलकेच झोडपायच्या. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेल्या दाण्यांतून पुढे पुन्हा भात उगवते.

तिसऱ्या दिवशी सगळे सरोवराच्या उत्तर टोकाला गेले. तेथे दगडांच्या एका ओळीवरून पाणी बाहेर पडते आणि गुडघाभर खोलीचा ओहोळ वाहू लागतो. हाच मिसिसिपी नदीचा उगम. हेन्री स्कूलक्राफ्ट या संशोधकाने 1832 मध्ये हा उगम जगाला कळवला. त्याला येथवर घेऊन आला तो ओझाविंडिब नावाचा ओजिब्वे प्रमुख. वाट ज्याला आधीपासून ठाऊक होती, त्याचे नाव इतिहासात दुसरे आले. 1891 मध्ये या परिसराला राज्य उद्यानाचा दर्जा मिळाला. येथे दगडांवरून चार पावलांत ओलांडता येणारी नदी पुढे साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. येथून निघालेल्या पाण्याच्या थेंबाला तेथे पोहोचायला सुमारे तीन महिने लागतात, असे सांगतात.

नानांनी पायजमा वर खोचला आणि ते पाण्यात उतरले. ओंजळीने पाणी डोळ्यांना लावले. मग पिशवीतून एक बाटली काढून ती काठोकाठ भरली. त्यांच्या देवघरात पत्नीने काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू होता. एका नदीचे पाणी दुसऱ्या तीर्थापर्यंत न्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. हे पाणी गावी न्यायचे आणि देवळापुढच्या तळ्यात सोडायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्या तळ्याच्या पायरीवर त्यांच्या पत्नीने चाळीस वर्षे देवाची भांडी घासली होती. तिने काशीहून आणले, आपण इथून नेऊ, एवढेच त्यांच्या मनात होते. मुलीला त्यांनी हे सांगितले, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

निघण्याच्या दिवशी होड्या उतरवण्याच्या धक्क्यावर नानांना एक फलक दिसला : स्वच्छ करा, पाणी काढा, वाळवा. जावई कॅनू पालथी करून तिच्यातले पाणी निथळवत होते. नात तळाला चिकटलेले शेवाळ आणि काड्या वेचत होती. शेजारच्या मोठ्या होडीच्या मालकाने तळाचे बूच काढून पाणी सोडून दिले. ते बूच रस्त्यावरून जाताना काढलेलेच ठेवावे, असा तेथे कायदाच आहे. दुसऱ्या सरोवरात जाण्यापूर्वी होडी निदान पाच दिवस वाळवावी, असेही सांगितले जाते.

एवढी काळजी कशाची, हे मुलीने सांगितले. पट्टेदार कवचाचा, नखाएवढा एक शिंपला आहे. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियन समुद्राच्या प्रदेशातला तो प्राणी जहाजांच्या तळाशी समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून अमेरिकेत आला. 1988 मध्ये तो सेंट क्लेअर सरोवरात प्रथम आढळला. एक मादी एका हंगामात लाखाहून अधिक अंडी घालते. नळांची तोंडे हे शिंपले बुजवतात, मूळच्या शिंपल्यांवर चिकटून त्यांना मारतात. पाण्यातले सूक्ष्म अन्न ते गाळून घेतात, आणि माशांची पिल्ले उपाशी राहतात. त्यांची पिल्ले इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. होडीतल्या ओंजळभर पाण्यातूनही ती पुढच्या सरोवरात पोहोचतात. एकदा पसरली की त्यांना हटवणे जवळजवळ अशक्य होते.

नानांचा हात पिशवीतल्या बाटलीवर गेला.

"नाना, तुमच्या बाटलीत तसे काही असेलच असे नाही," मुलगी घाईने म्हणाली. "इतक्या दूर, इतक्या दिवसांनी काय जगणार?"

नाना गप्प राहिले. त्यांना आपले तळे आठवत होते. कोणीतरी एकदा जांभळ्या फुलांच्या हौसेने तळ्यात जलपर्णीचे एक रोप सोडले होते. ती वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, दिसायला सुंदर. दोन पावसाळ्यांत तिने सगळे तळे झाकून टाकले. पाण्याला वास येऊ लागला, मासे मेले. मग गावातल्या बायका पदर खोचून उतरल्या. त्यांत नानांच्या पत्नी सर्वांत पुढे होत्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या आठवडाभर मुळांची जाळी ओढत राहिल्या. "आणणाऱ्याने वाईट मनाने आणले नव्हते हो," त्या म्हणाल्या होत्या, "पण ओढायचे आपल्यालाच आहे ना!"

"मला जरा परत उगमापाशी नेता का?" नानांनी जावयांना विचारले.

दगडांच्या ओळीपाशी नात त्यांचा हात धरून उभी राहिली. नानांनी बाटलीचे झाकण उघडले आणि ती हळूहळू प्रवाहात रिकामी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती उलटी धरून ठेवली, जावयांनी कॅनू धरली होती तशीच.

"आजोबा, आता हे पाणी कुठे जाईल?"

"तीन महिन्यांनी समुद्राला मिळेल."

"पण आजीच्या तळ्यात नाही ना जाणार?"

नाना थोडे थांबले. मग म्हणाले, "तळ्यात नाही. पण समुद्र सगळा एकच असतो, बाळ. भरती आली की तो आपल्या गावच्या खाडीत येतोच."

घरी परतल्यावर मैल्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्याच होत्या. त्या मुक्कामाच्या ठिकाणी नेमून दिलेल्या जागीच रित्या केल्या होत्या. कॅनू अंगणात पालथी घातली गेली. पुढचे पाच दिवस नाना सकाळी उठून तिच्या तळावरून हात फिरवून पाहत. कुठे ओल राहिली नाही ना, याची खात्री करून घेत. तिच्या शेजारीच, गवतावर, तोंड खाली करून ती बाटलीही वाळत ठेवलेली होती.