मुंबई ते जेद्दाह किती लांब?

दिवाळीच्या सुटीत अम्मीला उमऱ्याला न्यायचे ठरले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "किती लांब आहे रे ते?" आम्ही शाळेतल्या सवयीने नकाशा उघडला. मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. जाताना विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने वेळ थोडा कमी लागतो. जेद्दाहहून मक्का पुढे सुमारे ८० किलोमीटर.

"एवढंच?" अम्मी म्हणाली.

तिचे वालिद, म्हणजे आमचे नाना, साठच्या दशकात मुंबईच्या गोदीतून जहाजाने हजला गेले होते. त्यांना जातानाच बारा दिवस लागले. निघण्यापूर्वी त्यांनी देणी फेडली, पेटीत कफनाचे कापड ठेवले आणि गावात घरोघर जाऊन माफी मागितली. हाजींच्या जहाजांची ती वाट १९९५ साली बंद झाली.

"तुम्ही चाचांकडे कधी जाणार?" अम्मीने विचारले.

आम्ही गप्प झालो. बागेच्या बांधावरून चाचांशी सात वर्षे अबोला होता. घर दोन गल्ल्या पलीकडे. "परत आल्यावर जाऊ," आम्ही म्हणालो.

"परत येऊ की नाही, हे अब्बांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते आधी जाऊन आले. तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्याच रात्री गेलो. दार चाचीने उघडले. चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा." चहा झाला. बांधाचा विषय आम्हीही काढला नाही, त्यांनीही नाही. निघताना आम्ही माफी मागितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तिथे आमचं नाव घ्या."

खेडहून मुंबई विमानतळ गाठायला सात तास लागले, विमानप्रवासापेक्षा जास्त! एहराम विमानतळावरच बांधला, कारण मीकात जेद्दाहच्या आधी हवेतच येते आणि विमान ती क्षणात ओलांडते. वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी चाकाची खुर्ची तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवावी आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

विमान चारच्या सुमारास सुटले. आमच्या घड्याळात सात वाजून गेले, तरी खिडकीत सूर्य होताच. अम्मी गोंधळली, "मगरिब झाली की नाही?" मुंबई आणि जेद्दाह यांच्यात सुमारे ३४ रेखांशांचा फरक आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास. आम्ही सूर्याच्या मागे पश्चिमेकडे चाललो होतो, म्हणून तो उशिरा मावळत होता. नमाजची वेळ मनगटावरच्या घड्याळाची नव्हे, समोरच्या सूर्याची. तो बुडाल्यावर अम्मीने बसल्या जागी नमाज अदा केली. जेद्दाहला उतरून घड्याळे अडीच तास मागे केली.

काबा समोर आला, तेव्हा अम्मीने दुआसाठी हात उचलले. पहिले नाव नानांचे होते, दुसरे चाचांचे.

परतल्यावर जमजमची पहिली बाटली आम्ही चाचांकडे नेली. चालत तीन मिनिटे लागली.